ग्रेड वन आहे ना, मग टेन्शन नाही! – फॅटी लिव्हर, शुगर आणि हृदय

(या भागात जसं बोललो जवळपास तसंच इथे उतरवलंय. अडखळणं आणि मध्येच वाजलेला शेजारचा मिक्सर काढून टाकलाय.)

लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल तर एका हातात कडी आणि एका हातात फोन असणार, त्यामुळे हात हलवू नका, फक्त कल्पना करा. उजवीकडे, बरगड्यांच्या खाली साधारण दीड किलोचा एक अवयव आहे. आजचा भाग त्याच्यावर आहे. म्हणजे सुरुवात लिव्हरपासून होईल, पण जायचंय आपल्याला हृदयापर्यंत.

आधी नेहमीचं सांगतो. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. जे वाचून, विचारून, पडताळून समजलं ते सांगतोय. औषध सुरू करणं, बंद करणं हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

ऐरोली-महापे पट्ट्यात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. कंपनीचं वार्षिक हेल्थ चेकअप झालं, पीडीएफ आली, की दुपारच्या चहाला पहिला प्रश्न हाच: "तुझं किती? ग्रेड वन?" "हो, वन." "माझं पण. सगळ्यांचंच असतं रे." आणि विषय वडापाववर जातो. सगळ्यांचंच असतं हे तसं खोटं नाही. हैदराबादमध्ये आयटीत काम करणाऱ्या ३४५ जणांची तपासणी करून एक अभ्यास २०२५ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८४ टक्के लोकांच्या लिव्हरमध्ये जास्तीची चरबी सापडली. चौऱ्याऐंशी! एका शहरातले, तेही ३४५च लोक, त्यामुळे हा आकडा सगळ्या देशाला चिकटवू नका. पण बसून काम, रात्रीची शिफ्ट, साडेदहाचं जेवण हे त्यांचं आणि आपलं सारखंच आहे. देशभरातले वेगवेगळे अभ्यास एकत्र करून एम्सच्या डॉक्टरांनी २०२२मध्ये जो अंदाज मांडला, तो प्रौढांमध्ये ३८ टक्क्यांच्या आसपास होता. दहातले जवळपास चार जण.

आता होतं काय, की एखादी गोष्ट सगळ्यांना असली की ती आपल्याला नॉर्मल वाटायला लागते. पुलावरचे खड्डे कसे, दोन पावसाळे गेले की दिसेनासेच होतात.

फॅटी लिव्हर असलेले लोक दगावतात कशाने, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, लिव्हर खराब होऊन. तसं होतं, काही जणांना सिरोसिसपर्यंत जातं. पण या लोकांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हृदयविकार आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. रिपोर्टवर लिव्हर लिहिलंय आणि धोका हृदयाला? हे कसं?

त्यासाठी आधी इन्शुलिन काय करतं ते बघू. आपण जेवतो, रक्तात साखर वाढते, स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं. हे इन्शुलिन लिव्हरला दोन निरोप देतं. पहिला: "बाहेरून साखर आलीये, आता तू तयार करू नकोस." कारण लिव्हर स्वतःही साखर बनवून रक्तात सोडत असतं, रात्रभर आपण झोपलेले असतो तेव्हा मेंदू त्यावरच चालतो. दुसरा निरोप: "जास्तीची साखर साठव, आणि साठवून उरलं तर त्याची चरबी कर."

लिव्हरमध्ये चरबी साचली की इन्शुलिनचं त्याला नीट ऐकू येत नाही. पण गंमत अशी की ऐकू न येणारा निरोप फक्त पहिला! साखर बनवू नकोस हे ऐकू येत नाही, चरबी बनव हे मात्र व्यवस्थित ऐकू येतं. एवढा विचित्र बग मी कुठल्याही प्रोजेक्टमध्ये पाहिलेला नाही. परिणाम काय? लिव्हर साखरही बनवत राहतं आणि चरबीही. काही लोक म्हणतात ना, "रात्री मी फक्त ताक पिऊन झोपलो, तरी सकाळची उपाशीपोटी शुगर वाढलेली कशी?" ती साखर ताकातली नाही. ती रात्रभर लिव्हरने सोडलेली आहे.

मग स्वादुपिंड काय करतं, आणखी जोरात ओरडतं, म्हणजे आणखी इन्शुलिन सोडतं. त्याने चरबी बनवण्याला आणखी जोर येतो. ती चरबी लिव्हरमधून रक्तात, आणि रक्तातून काही स्वादुपिंडातही जाऊन बसते. तिथे बसली की इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मंदावतात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे प्राध्यापक रॉय टेलर यांनी २००८ साली हे दुहेरी चक्र मांडलं. म्हणूनच फॅटी लिव्हर आधी की डायबिटीस आधी, या भांडणात फारसा अर्थ नाही. दोघं एकमेकांना खतपाणी घालतात. टाइप टू डायबिटीस असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना फॅटी लिव्हर असतंच.

आता हृदय. लिव्हरमध्ये जमलेली चरबी तिथे गप्प बसत नाही. लिव्हर ती बारीक कणांमध्ये भरून रक्तात पाठवतं, रिपोर्टमध्ये व्हीएलडीएल लिहिलेलं असतं ना, ते हेच. त्याने ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल घटतं, आणि एलडीएलचे कण आकाराने लहान आणि घट्ट होतात. हे लहान कण रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात सहज घुसतात. फसवणूक इथे आहे: एलडीएलचा आकडा रिपोर्टमध्ये ठीकच दिसू शकतो, पण तेवढ्याच आकड्यात कणांची संख्या जास्त असते. शिवाय सुजलेलं लिव्हर रक्त गोठवणारी आणि सूज वाढवणारी प्रथिनंही जास्त बनवतं. दुसऱ्या बाजूने डायबिटीस, म्हणजे जास्तीची साखर, त्याच अस्तराला वर्षानुवर्षं इजा करत असते. एक जण भिंत ओरखडतोय आणि दुसरा त्या ओरखड्यांत माल भरतोय. दोन्ही एकत्र असलेल्या माणसाच्या हृदयाला नुसता डायबिटीस असलेल्यापेक्षा जास्त धोका असतो, तो यामुळे. आणि फक्त रक्तवाहिन्याच नाही, हृदयाचा स्नायूही ताठर होत जातो, त्याला नीट सैल पडता येत नाही, आणि जिना चढताना दम लागायला लागतो.

इथे घरचं सांगतो. माझे बाबा वाशीला एपीएमसीत हिशेबाचं काम करायचे. डायबिटीस होता, गोळ्या वेळेवर, चालणं बऱ्यापैकी. छप्पन्नाव्या वर्षी एका सकाळी सानपाड्याला स्टेशनचा पूल चढताना त्यांना दरदरून घाम आला आणि जबड्यात काहीतरी जड वाटलं. छातीत कळ अजिबात नाही. म्हणाले, ॲसिडिटी झालीये, लिंबू-सोडा घेतो. आईने चेहरा बघितला आणि रिक्षात बसवलं. ईसीजी काढला तर हार्ट अटॅक. त्याच दिवशी स्टेंट टाकली. आता बरे आहेत, रोज संध्याकाळी मला फोनवर क्रिकेटचे सल्ले देतात.

छातीत का दुखलं नाही? डायबिटीसमुळे नसा कमजोर होतात, पायाच्या होतात तशा हृदयाकडच्याही. त्यामुळे दुखण्याचा निरोपच पोचत नाही. घाम, दम, मळमळ, जबडा किंवा हात जड होणं, अचानक आलेला थकवा. घरात कुणाला शुगर असेल तर हे शब्द त्यांना आज ऐकवा. आणि वेळ आली तर १०८ला फोन करा, लिंबू-सोडा नंतर.

बाबा घरी आल्यावर मी त्यांच्या फायली पलंगावर पसरल्या. तीन प्लास्टिकच्या फायली. एक शुगरची, एक पोटाची, आणि एक नवी कोरी हृदयाची. पोटाच्या फायलीत २०१६ची सोनोग्राफी, पित्ताशयात खडे आहेत का ते बघायला काढलेली. खडे नव्हते. खाली एक ओळ: मध्यम प्रमाणात फॅटी लिव्हर. शुगरच्या फायलीत त्याच वर्षीचे ट्रायग्लिसराइड २८०, एचडीएल ३१. एलडीएल १०४, त्याच्यापुढे कुठलीही खूण नाही, सगळं काळ्या अक्षरात. तीन डॉक्टर, तीन फायली, प्रत्येकाने आपापलं काम बरोबर केलेलं. पण तीन फायली एका पलंगावर पहिल्यांदा आल्या त्या अटॅक येऊन गेल्यावर. मी त्या रात्री एक साधी एक्सेल शीट बनवली, तारखा एका रांगेत आणि आकडे एका रांगेत. आता प्रत्येक डॉक्टरकडे आम्ही तीच घेऊन जातो. डॉक्टर खूश होतात, खरं सांगतो.

"पण माझं तर पोटच नाही, मी बारीक आहे" असं म्हणणाऱ्यांसाठी आता पुण्याला जाऊ.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघं मित्र. २००४ साली त्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. म्हणजे उंचीच्या हिशेबाने वजन सारखंच, आणि दोघंही बारीक. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीपेक्षा जास्त! दोघांच्या आडनावावरून याला वाय-वाय पॅराडॉक्स म्हणतात. मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे एका मोठ्या शास्त्रज्ञाने स्वतःचंच शरीर उदाहरण म्हणून जगासमोर ठेवलं.

त्यांचं काम तेवढ्यावर थांबलं नाही. १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांच्या टीमने गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. वजन कमी, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. बारीक दिसणारं पण आतून चरबीवालं बाळ. म्हणजे आपल्यापैकी अनेकांची ही घडण आईच्या पोटातच सुरू झालेली असते, आणि त्यामागे आईचं पोषण, तिचे कष्ट हे सगळं येतं. त्यामुळे "तू आळशी आहेस म्हणून तुला फॅटी लिव्हर झालं" असं कुणाला सुनावताना जरा थांबा. खेड्यातल्या कष्ट करणाऱ्या घरातला मुलगा घणसोलीला येऊन दहा तास खुर्चीत बसतो, तेव्हा त्याच्या शरीरात चरबी ठेवायला सुरक्षित जागा कमी आणि येणारा माल जास्त, अशी अवस्था होते. जागा संपली की माल लिव्हरमध्ये.

म्हणूनच आपल्यासाठी मोजमापं वेगळी आहेत. बीएमआय २३ला जास्त वजन आणि २५ला लठ्ठपणा धरतात, पाश्चात्त्य देशांत हेच २५ आणि ३० असतं. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८०. आणि कंबर म्हणजे जीन्सचा नंबर नव्हे हां! पँट आपण पोटाच्या खाली घालतो. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप लावायची. शिंप्याकडची टेप चालते.

देशाचं चित्र थोडक्यात. आयसीएमआर-इंडियाब या अभ्यासाचे आकडे २०२३मध्ये आले. भारतात डायबिटीसचे १० कोटींहून जास्त लोक, आणि प्री-डायबिटीसचे १३ कोटींहून जास्त. राज्यांमध्ये सगळ्यात वर आपला शेजारी गोवा, २६.४ टक्के. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला हार्ट अटॅक बाकीच्या जगापेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी येतो, हे २००४च्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं होतं. सरकारनेही फेब्रुवारी २०२१मध्ये फॅटी लिव्हरला डायबिटीस, हृदयविकार यांच्याच राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं. आणि २०२३मध्ये तर जगभरच्या लिव्हर तज्ज्ञांनी आजाराचं नावच बदललं. आधीच्या नावात 'नॉन-अल्कोहोलिक' होतं, म्हणजे दारूमुळे नाही एवढंच कळायचं. नव्या नावात 'मेटाबॉलिक' आलंय, एमएएसएलडी. रिपोर्टवर ही अक्षरं दिसली तर नवीन काही झालंय असं समजू नका.

बरं, मग करायचं काय? ग्रेडपासून सुरू करू. सोनोग्राफीतली ग्रेड चरबी किती आहे याचा ढोबळ अंदाज देते. थोडी चरबी असेल तर सोनोग्राफीत दिसतही नाही. आणि मुख्य म्हणजे लिव्हर कडक व्हायला लागलंय का, त्याला फायब्रोसिस म्हणतात, हे ग्रेडवरून कळत नाही. एसजीपीटी नॉर्मल असलं तरी फायब्रोसिस असू शकतं. त्यासाठी फिब-फोर नावाचा एक हिशेब आहे, आणि तो आपल्या लोकांना आवडेल असा आहे. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने. समजा वय ५८, एसजीओटी ४८, एसजीपीटी ५५, प्लेटलेट १ लाख ८० हजार. वरचे २७८४, खालचे १८० गुणिले ७.४ म्हणजे साधारण १३३५. उत्तर २.०९. १.३च्या खाली असेल तर धोका कमी, २.६७च्या वर असेल तर जास्त, आणि मधे असेल तर डॉक्टर सहसा फायब्रोस्कॅन करायला सांगतात. या उदाहरणात फायब्रोस्कॅन. पस्तिशीच्या आतल्यांना हा हिशेब नीट लागू पडत नाही, आणि पासष्टीनंतर १.३च्या जागी २ धरतात. म्हणजे तुमच्यासाठी नाही, आई-बाबांसाठी करा. आकडे त्यांच्या जुन्या रिपोर्टमध्ये पडलेले असतात.

तुमच्यासाठी: उपाशीपोटी शुगर, एचबीएवनसी, लिपिड प्रोफाइल, रक्तदाब आणि ती शिंप्याची टेप. एचबीएवनसी ५.७च्या खाली हवं. ५.७ ते ६.४ म्हणजे प्री-डायबिटीस.

वजनाबद्दल चांगली बातमी आहे. पाच टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते. सात ते दहा टक्क्यांत सूज उतरते, आणि दहाच्या पुढे फायब्रोसिससुद्धा मागे जाऊ शकतं. ८० किलोच्या माणसाला पाच टक्के म्हणजे ४ किलो. चार! ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात टाइप टू झालेल्या लोकांचं वजन डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहारातून कमी केलं, तर वर्षभराने ४६ टक्के लोक औषधांशिवाय डायबिटीसच्या रेषेच्या खाली होते. १५ किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत ८६ टक्के. त्यांचा आजार सहा वर्षांच्या आतला होता, हे लक्षात ठेवा. आणि गोळ्या स्वतःच्या मनाने सोडू नका, त्यांनीही सोडल्या नव्हत्या.

खाण्याचं मी फार सांगत नाही, इन्स्टाग्रामवर तेवढंच चाललेलं असतं. एकच सांगतो, आधी पिण्याकडे बघा. कोल्ड्रिंक, पाकिटातला ज्यूस, दोन चमचे साखरेचे पाच चहा. फळातली साखर, फ्रुक्टोज, तिचा निकाल मुख्यतः लिव्हरच लावतं. अख्खं संत्रं खाल्लं तर चोथ्यामुळे ती हळू पोचते, ग्लासभर रस प्यायला तर एकदम. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, मासे हे आपल्याकडे होतंच, त्याला कुणी विदेशी नाव दिलं नाही म्हणून ते मागे पडलं. आणि दारू, "थोडी चालते का" असं मला मेसेज करू नका. फॅटी लिव्हर आहे ना? मग न घेणं उत्तम.

चालणं हवंच, पण स्नायूही हवेत, कारण रक्तातली साखर उचलणारं मोठं गोदाम तेच आहे. आणि याज्ञिकांच्या अभ्यासातून तर दिसतंच की आपण तिथेच कमी पडतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस उठाबशा, दंड, जे जमेल ते. जिम नसली तरी पारसिक हिलचा चढ आहे, फुकट आहे.

'लिव्हर डिटॉक्स'च्या बाटल्या मात्र विकत घेऊ नका. २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वादात मी पडत नाही, पण आधीच थकलेल्या लिव्हरवर कुणी न तपासलेली बाटली ओतण्यात मला शहाणपण दिसत नाही.

शेवटी एक प्रश्न, जो मागच्या महिन्यात तीन जणांनी पाठवला: "बाबांना फॅटी लिव्हर आहे आणि डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन दिलीये. लिव्हरवर ताण येईल म्हणून बंद करू का?" नाही. साध्या फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन सुरक्षित मानतात, आणि या लोकांचा खरा धोका हृदयाला असल्यामुळे गोळीची गरज उलट जास्त असते. लिव्हरचा आजार खूप पुढे गेलेला असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टर ठरवतील. शंका असेल तर गोळी चालू ठेवून त्यांना विचारा, आणि जाताना तिन्ही फायली घेऊन जा.

एक्सेल शीटचा कोरा नमुना हवा असेल तर मेसेज करा, पाठवतो. पुढचा भाग झोपेवर, खास करून रात्रपाळीवाल्यांसाठी. भेटूच.